तळाचा कागद

आमच्या शाळेत एक सर होते. कुणाच्या घरी गेले की यजमानाच्या तोंडाकडे बघण्याआधी ते त्याच्या खाटेखाली बघत. गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं म्हणतात. मी प्रयत्न करून पाहिला, मला ते जमत नाही.

मी जामनेरला मराठी शिकवायला लागलो तेव्हा ते तिथं विज्ञान शिकवत होते. शाळेमागच्या जोडघरांत आमची भिंत एक होती. गावात त्यांना सगळे ‘माशीसर’ म्हणत. घरात मुलगी ‘नाना’ म्हणायची. परसात लिंबाखाली त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या असत, निळ्या रंगाच्या, वर विटा ठेवलेल्या. तो काळ नव्वदच्या आगेमागचा. आमच्याकडे सूर्यफूल वाढलं होतं, आणि शेतात माशी फिरली की दाणा भरतो हे शेतकऱ्यांना नुकतंच कळलं होतं. त्याआधी मध म्हणजे आग्यामोहोळाला धूर देऊन ओरबाडायची वस्तू. सरांनी थेट पंजाबातून इटालियन माशीच्या पेट्या मागवल्या, जळगाव स्टेशनवर उतरवून घेतल्या आणि टेम्पोत स्वतः मागे उभं राहून जामनेरला आणल्या. तेव्हापासून तालुक्यात ज्याला पेटी ठेवायची असेल त्यानं आधी ह्यांच्या ओट्यावर येऊन बोलणी खायची, असा रिवाज पडला.

बोलणी खायला घालण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

ह्या माशीला एक कोळी लागतो. तांबूस, चपटा, टाचणीच्या डोक्याएवढा. माशीच्या अंगाला तो गोचिडासारखा चिकटतो आणि पोळ्याच्या बंद घरात वाढणाऱ्या पिल्लाला खातो. मग त्या घरातून जी माशी बाहेर येते तिचे पंख चुरगळलेले असतात. ती पेटीच्या दारातून खाली पडते आणि मातीत सरपटत मरते. बाकीच्या माश्या मात्र ये-जा करत असतात, वरून पेटी ठणठणीत दिसते, आणि एके दिवशी झाकण काढावं तर आत काही उरलेलं नसतं.

म्हणून सरांचा सगळा भर तळावर. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करायचं, कोऱ्या बाजूला सरकीचं तेल फासायचं आणि संध्याकाळी पेटीच्या तळाशी सरकवून द्यायचं. गळून पडलेले कोळी त्याला चिकटतात. सकाळी सर तो कागद ओढून काढत आणि उन्हात धरून भिंगातून वाचत. कॅलेंडरवर देवादिकांची चित्रं असायची. “देवाच्या पाठीले तेल लावता, आन् त्याच्यावर किडे मोजता,” असं त्यांची बायको, आमच्या वहिनी, रोज म्हणायच्या. सर म्हणत, “पेटी तोंडानं खोटं बोलते. तळानं बोलत नाही.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की अजून कुणी उच्चारलं तर माझं डोकं उठेल.

हा नियम पेट्यांपुरता राहिला असता तर आमची काही तक्रार नव्हती. पण सर वर्गात शिरले की पोरांना चपला उलट्या करायला लावत. शिक्षकांच्या खोलीत चहा आला की कप उचलून आधी बशी बघत. एकदा हेडमास्तरांच्या टेबलाचा खालचा खण ओढून त्यांनी आतली अर्धी खाल्लेली चिक्की तपासणीला आलेल्या साहेबांसमोरच वर काढली होती. दुसरी सवय बोटाच्या पेरानं ठोकायची. पेटीवर ठोकायचं आणि कान लावायचा. आतून गुणगुण उठून लगेच थांबली की राणी आहे, रडल्यासारखी रेंगाळली की राणी गेली. तसंच ते माझ्या दारावर ठोकत आणि क्षणभर कान देऊन उभे राहत. माझी बायको माहेरी गेली असली की आत येऊन म्हणत, “राणी नाही वाटतं.” त्यांचा विनोद एवढा एकच होता. त्यावर हसलं नाही की त्यांना राग यायचा.

कौतुकासाठीही त्यांच्याजवळ एकच शब्द होता, ‘बरं’. पोरगं बोर्डात आलं तरी बरं, आणि फळा पुसला तरी बरं. त्यांच्या मुलीला, सिंधूला, लहानपणापासून पेट्यांचं सगळं येत होतं. तिची नजर तर बापापेक्षा तेज. भिंग न घेता ती कागदावर कोळी कुठला आणि मेणाचा कण कुठला ते सांगायची. सर ते भिंगातून पडताळून बघत आणि म्हणत, “बरं.” तेवढ्यावर ती पोर दिवसभर उड्या मारायची. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. आता चीड येते.

सिंधूसाठी स्थळ आलं ते नरडाण्याकडचं. शेतीवाडीचं, खाऊनपिऊन सुखी घर. सरांनी बोलणीला मला बरोबर नेलं. पोहे आले, पाणी आलं, व्याही गोड बोलत होते. सरांनी पोह्यांना हात लावण्याआधी वाकून बैठकीतल्या खाटेवरची घोंगडी वर उचलली. खाली एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, ती ओरडत घरभर धावली. तेवढ्यानं भागलं नाही. उठले, ओसरीवरच्या रांजणात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ उघडून सगळ्यांना दाखवली. “गाळ आहे,” म्हणाले.

विहीणबाईंचा चेहरा मला अजून आठवतो. व्याही हसले, मुलगाही हसला, त्याला सिंधू आवडली होती, म्हणून लग्न झालं. पण ते हसू त्या दिवसापुरतं होतं. पुढे सिंधू भांडी घासायला बसली की सासू म्हणायची, “तळ नीट घास व, तुना बाप देखाले ई,” म्हणजे तुझा बाप बघायला येईल. हे सिंधूनंच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं. ती आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली होती तेव्हाची गोष्ट. सरांनी नेहमीप्रमाणे लिंबाला झोका बांधला होता, वहिनी खापरावर मांडे भाजत होत्या आणि सिंधू झोक्यावर उभी राहून सासूची नक्कल करत होती. मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. सर म्हणाले, “मग? गाळ होताच.”

आता विरजणाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्याकडच्या पेटीवाल्यांत एक चांगली रीत पडली होती. कुणाची पेटी पावसाळ्यात दुबळी झाली की शेजाऱ्यानं आपल्या भरल्या पेटीतून पिल्लांच्या पोळ्याची एक लाकडी चौकट काढून द्यायची. ओल्या फडक्यात गुंडाळून ती न्यायची आणि दुबळ्या पेटीत बसवायची. थोड्या दिवसांत त्यातून माश्या निघतात आणि पेटी सावरते. ह्याला सगळे विरजण म्हणत. दह्याच्या विरजणाचेच नियम त्यालाही लागले होते. पैसे घ्यायचे नाहीत, दिवेलागणीनंतर द्यायचं नाही, आणि दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही. भल्या माणसांनी पाडलेली भली रीत होती. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. कोळी असतो तो पिल्लांच्या बंद घरातच, म्हणजे विरजणाबरोबर तोही घरोघर पोचत होता.

हे ओळखलं सरांनी. त्याचं श्रेय मी त्यांना देतो, दिलंच पाहिजे. पण ते सांगितलं कसं? नशिराबादचे एक शेठजी होते, किराण्याचे व्यापारी. हौसेनं पेट्या ठेवल्या होत्या आणि मागेल त्याला चौकट द्यायचे. तालुक्यातल्या निम्म्या पेट्या त्यांच्या विरजणावर उभ्या होत्या. सरांनी सगळ्या पेटीवाल्यांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं आणि शेठजींच्या पेटीखालचा कागद फळ्यावर टाचणीनं लावला. तांबड्या ठिपक्यांनी भरलेला. “बघा,” म्हणाले, “हे शेठजींचं दान. ह्यांनी तुम्हाला पोळं दिलं नाही, गोचीड वाटले.”

शेठजी उठून उभे राहिले. हात जोडून म्हणाले, “मास्तरसाहेब, मला मालूम नव्हतं. दवा सांगा, मी करतो.”

“दवा नंतर. आधी ह्यांच्या दारात कुणी जाऊ नका,” सर लोकांना म्हणाले. “माझ्या पेट्यांचा तळ येऊन बघा. आरसा आहे, आरसा.”

औषध पुढे त्यांनी सांगितलं, नाही असं नाही. गंधकाची पूड कशी भुरभुरायची, फॉर्मिक आम्लाची कुपी कापसाचा बोळा घालून पेटीत कशी ठेवायची, सगळं नीट सांगितलं. पण शेठजींच्या दुकानासमोरून जाताना पोरं ‘गोचीडशेठ’ म्हणून ओरडायला लागली, ती काही कुणाच्या औषधानं थांबली नाहीत.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी मी परसात दात घासत होतो. कुंपणापलीकडे सर कागद उन्हात धरून उभे होते. नेहमी भिंग लावून वाचायचे, त्या दिवशी भिंगाची गरज नव्हती. मला कुंपणावरून दिसत होतं. मी म्हटलं, “सर, हे काय?”

“मुंग्या आहेत,” ते म्हणाले. कागदाची घडी केली आणि पाणी तापवायच्या बंबात घातली. तेलाचा कागद, भडकन पेटला. मग त्यांनी पुढच्या पेटीखालचा काढला, तोही बंबात. न वाचताच.

माशी काही गाव बघून उडत नाही. चुकून दुसऱ्याच्या पेटीत शिरते आणि कोळी अंगावर घेऊन परतते. ह्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? सर्दी होण्यात असते तेवढीच लाज. पण फळ्यावर कागद लावणाऱ्या माणसाला ती परवडणारी नव्हती. त्या दिवसापासून त्यांच्या परसातून मुंगी चिरडल्यावर येतो तसला, नाकात झोंबणारा फॉर्मिक आम्लाचा वास यायला लागला. वहिनींना त्यांनी सांगितलं, “रंगाचा आहे, पेट्या रंगवतोय.”

आणि दिवाळीत सिंधू आली.

तिच्या सासरी तिच्याच भरवशावर पेट्या घेतल्या होत्या. पावसाळ्यात त्यातल्या एका पेटीतली राणी मेली आणि पेटी दुबळी झाली. सासू म्हणाली, आता? सिंधू म्हणाली, माझ्या माहेरून विरजण आणते. नुसती चौकट नव्हती ती. खाटेखालच्या कोंबडीचं आणि रांजणातल्या गाळाचं उट्टं तिला फेडायचं होतं. माझा बाप नावंच ठेवतो असं नाही, देतोही, हे तिला सासरी दाखवायचं होतं. नवऱ्याला बरोबर आणलं होतं. चौकट गुंडाळायला धुऊन ठेवलेलं गोणपाट पिशवीतून आणलं होतं.

जावई आणि मी ओट्यावर चिवडा खात बसलो होतो. दार उघडं होतं. आत सिंधू हळू आवाजात म्हणाली, “नाना, एक चौकट द्याल?”

“फराळ कर आधी.”

“नाना, माझ्याशी बोला ना. द्यायची नसेल तर का नाही ते सांगा.”

आत ताट सरकवल्याचं ऐकू आलं. मग वहिनींचा आवाज आला, “अहो, लेकीले काय नाही म्हणता? एक चौकट द्या न तिले.”

तेव्हा सर बोलले. ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. “ज्यांना माशी सांभाळता येत नाही त्यांनी पेट्या घेऊ नयेत. इथं विरजणाचं दुकान नाही.”

जावयानं चिवड्याची ताटली खाली ठेवली. तो भला माणूस होता. उठून चपला घातल्या. सिंधू बाहेर आली, पिशवीत गोणपाट तसंच होतं. वहिनींनी लाडवांचा डबा हातात कोंबला. तो तिनं ओट्यावर ठेवला आणि दोघं स्टँडच्या रस्त्याला लागली.

मी आत गेलो. सरांना म्हटलं, “रोगी चौकट दिली नाही, ठीक केलंत. पण तसं सांगा तरी. अजून गाडी सुटली नसेल. माझी सायकल घ्या.”

ते म्हणाले, “आणि शेठ काय म्हणेल?”

एवढंच. पोटची पोर सासरी मान खाली घालून निघाली होती आणि ह्या माणसाला नशिराबादच्या किराणा दुकानदाराची पडली होती. मी बोलू नये ते बोललो. त्यांनी मला हात धरून बाहेर काढलं आणि त्यानंतर पेरानं माझं दार कधी ठोकलं नाही. कुणी म्हणेल, खोटं तर नाही ना बोलले. नाही बोलले. खरंही नाही बोलले. कंजूष म्हणवून घेणं त्यांना चाललं, निष्ठुर म्हणवून घेणं चाललं, फक्त माझ्या पेट्यांना कोळी लागला हे चाललं नाही. मी वहिनींना सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, “मले ठाऊक हाये सर. रंगाचा वास असा नसते. पण ते त्याहीनं सांगाव, तुमी-मी सांगून काय?”

पुढच्या आखाजीला त्यांनी लिंबाला झोका बांधला. सिंधू आली नाही. शेजारच्या पोरींनी दोन दिवस झोके घेतले, मग सरांनी दोर सोडून ठेवला. त्याच्या पुढच्या वर्षीही बांधला. तिसऱ्या वर्षी पोरीही दुसरीकडे झोके घ्यायला जाऊ लागल्या.

पेट्यांचं काय झालं ते मला पाण्यावरून कळलं. वैशाखात माश्यांना पाणी लागतं, म्हणून सर परातीत खडे घालून पाणी ठेवत आणि त्या खड्यांवर माश्यांची झुंबड असे. एका उन्हाळ्यात खडे रिकामे दिसायला लागले. कागद वाचणंच सोडल्यावर औषध कधी आणि किती द्यायचं ते कळणार कसं? पाण्यावर एक चिमणी. सर मात्र रोज परात भरत होते, पेट्यांवर ओली पोती टाकत होते, धुराडं पेटवून धूर देत होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, माशीसरांच्या पेट्या जोरात आहेत. त्यांनी त्या पुन्हा रंगवल्याही, ह्या वेळी खराच रंग. पेरानं ठोकायचे, कान लावायचे आणि पुढच्या पेटीकडे जायचे.

शेठजींना कुणी सांगितलं कोण जाणे. एका दुपारी ते स्कूटरवरून आले. त्यांच्या पेट्या औषधानं सुधारल्या होत्या. मागच्या सीटवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली चौकट बांधली होती. दारात उभे राहून म्हणाले, “मास्तरसाहेब, विरजण आणलंय. तळ बघितलाय, साफ आहे.”

सर ओट्यावरून उतरले नाहीत. “माझ्याकडे जागा नाही,” म्हणाले.

शेठजी तळपत्या उन्हात थोडा वेळ थांबले. मग चौकटीवर सावली पडेल असं धोतराचा सोगा धरत त्यांनी स्कूटर वळवली. मी बघत होतो. त्या माणसाच्या मनात सूड असता तर मला बरं वाटलं असतं.

सर गेले तेव्हा सिंधू नवऱ्याबरोबर आली, पण सगळं आटोपल्यावर पोचली. नरडाण्याहून जामनेर काही जवळ नाही. आईजवळ बसली. मग परसात गेली आणि एकेक पेटीचं झाकण काढून बघितलं. आत मेणकिड्यांची जाळी आणि तळाला भुसा. सगळी झाकणं तिनं परत बसवली, वर विटा ठेवल्या. बंबातल्या कागदाचं मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. ती जागा नव्हती.

मग माझी बदली धुळ्याकडे झाली आणि एकदा नरडाण्याला काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून तिच्याकडे गेलो. म्हटलं, निदान आता तरी तिला कळू दे. सांगितलं. दिवाळीआधीचा कागद, बंब, सगळं.

तिनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. “काका, मी घरात पाऊल टाकलं तेव्हाच मला औषधाचा वास आला होता,” ती म्हणाली. “पंजाबातून पेट्या आल्या तेव्हा नानांनीच मला तो ओळखायला शिकवला होता.”

“मग चौकट मागितलीस कशाला?”

“चौकट नेऊन मी काय करणार होते? माझ्याच पेट्या मारून घेणार होते?” तिनं बशी माझ्याकडे सरकवली. “सासूला सांगायचं मी ठरवून टाकलं होतं. म्हणणार होते, नानांनी चांगली भरलेली चौकट दिली, एस.टी.त माझ्या हातून पडली, पोळं मोडलं. बोलणी मी खाणार होते. नानांनी फक्त माझ्या कानात म्हणायचं होतं, सिंधू, आपल्यालाही लागलाय गं. गावाला नाही, शेठजींना नाही. मला. म्हणून तर दोनदा विचारलं.”

मी चहा प्यालो आणि ओट्यावर आलो. तिच्या ओट्याच्या भिंतीला, रस्त्याकडे तोंड करून, कॅलेंडरची तेलकट पानं टाचलेली होती, प्रत्येक पेटीचं एक. दोन कोरी होती. तिसऱ्यावर तांबडे ठिपके होते, रस्त्यावरूनही दिसतील एवढे.

सायकल हातात धरून जाणारा एक शेतकरी थांबला. “हाई काय शे, ताई?”

“मन्ह्या पेटीना तळ शे,” सिंधू म्हणाली. “कोळी लागेल शे. दवाई करी राहिनू.”

तो “बरं” म्हणाला आणि सायकल ढकलत पुढे गेला.